वेंगुर्ल्याचं काजू कलम: संशोधनातून रोजगार नेमका कुठे तयार होतो

अणसूर आणि वेतोरे ही वेंगुर्ले तालुक्यातली दोन गावं. काजूच्या सुधारित जातींची वंशावळ चाळली की ही नावं सारखी भेटतात. वेंगुर्ला-१ ही १९७४ साली आलेली जात अणसूरच्याच झाडांतून निवडलेली. १९८१ ची वेंगुर्ला-४ म्हणजे बंगालची 'मिदनापूर रेड' आणि आपली 'वेतोरे-५६' यांचा संकर. १९९१ च्या वेंगुर्ला-६ मध्ये तर आईबाप दोन्ही इथलेच, वेतोरे-५६ आणि अणसूर-१. पोर्तुगीजांनी आणलेल्या बियांतून चारशे वर्षं आपसूक वाढलेल्या झाडांत कुठलं चांगलं, हे गावकऱ्यांना माहीत होतंच. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाल्यावर ते त्याच्याकडे आलं. या केंद्रानं ती झाडं मोजली, वजनं केली, त्यांचे संकर केले.

विद्यापीठाच्या संशोधनातून रोजगार होतो, हे वाक्य भाषणात बरं वाटतं. पण जात जाहीर झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला काम मिळत नाही. ते मिळतं मधल्या पायऱ्यांवर, आणि त्या कागदोपत्री दिसत नाहीत. काजूत त्या अगदी स्वच्छ मोजता येतात.

सुरुवात बीच्या वजनापासून करू. वेंगुर्ला-२ ची बी सरासरी ४.३ ग्रॅमची, वेंगुर्ला-४ ची ७.७ ग्रॅमची आणि १९९७ साली आलेल्या वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. बीतून निघणाऱ्या गराचा उतारा अनुक्रमे ३२, ३१ आणि ३०.५ टक्के. टक्केवारी बघणाऱ्याला तिन्ही जाती सारख्याच वाटतील. काजू कारखान्याचा मालक मात्र आधी नग मोजतो, कारण बी कितीही लहान असो, ती कटरखाली एकेकटीच धरावी लागते. एक किलो गर काढायला वेंगुर्ला-२ च्या सुमारे ७२५ बिया फोडाव्या लागतात, वेंगुर्ला-७ च्या सुमारे ३३०. काम निम्म्याहून कमी, आणि वर गराची प्रतही चढती.

प्रतीचा आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे अख्खे गर. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३२० पर्यंत, डब्ल्यू-१८० म्हणजे १८० पर्यंत. साल आणि ओलावा गेल्यावर वेंगुर्ला-७ चा गर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास राहतो, म्हणजे थेट १८० च्या वर्गात. वेंगुर्ला-४ चा २१० ते २४० मध्ये बसतो, वेंगुर्ला-२ चा त्याहून बराच खालच्या प्रतीत. दुकानात "मोठा काजू" म्हणून जादा पैसे मोजतो ना आपण, तो फरक झाडाच्या आईबापांपासून सुरू झालेला असतो.

आता खरी अडचण. काजूचं परागीभवन परक्या झाडाकडून सर्रास होतं. वेंगुर्ला-७ ची बी पेरली तर येणारं झाड वेंगुर्ला-७ नसतं. बी दहा ग्रॅमची येईल किंवा चार ग्रॅमची, मोहोर जानेवारीत येईल किंवा मार्चमध्ये. संशोधन केंद्रात उभं असलेलं ते एक झाड शेतकऱ्याच्या वरकस जमिनीवर जसंच्या तसं न्यायला कलमच हवं. गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून ती वेगळी करणं, हेही करून पाहिलं गेलं होतं, पण गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. जांभ्याच्या कातळावर उन्हाळा काढायचा आणि वादळात उभं राहायचं, तर ते मूळ लागतंच. म्हणून मृदकाष्ठ कलम: बीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपाचं (खुंटाचं) मऊ खोड चिरून त्यात हव्या त्या जातीच्या झाडाची (मातृवृक्षाची) काडी पाचरीसारखी बसवायची. माझ्या मते सिंधुदुर्गातल्या काजूच्या अर्थकारणाचा पाया जात नसून हे कलम आहे, कारण यात भांडवल थोडं लागतं आणि हात भरपूर लागतात.

पद्धत बारकाईनं सांगण्यासारखी आहे.

खुंटासाठी नव्या हंगामाची, मध्यम आकाराची बी घ्यायची. पाण्यात टाकून तरंगणारी फेकायची, तिच्यात गर भरलेला नसतो. बुडालेली एक-दोन दिवस भिजवायची. १५ × २५ सेंमीच्या भोकं पाडलेल्या काळ्या पिशवीत माती, रेती आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात भरायचं आणि बी देठाकडची बाजू वर करून दोन-अडीच सेंमी खोल लावायची. उलटी लावली तर कोंब वळसा घेतो, खोड वाकडं होतं आणि पुढे पाचर सरळ बसत नाही. पंधरा-वीस दिवसांत उगवण होते. शेणखत कच्चं राहिलं किंवा पिशवीत पाणी साचलं तर रोपं बुंध्याशी काळी पडून माना टाकतात. नर्सरीतलं पहिलं मोठं नुकसान इथेच होतं, कलम बांधायच्या आधी.

रोप ४५ ते ६० दिवसांचं झालं की खुंट तयार. त्याच वेळी काडी तयार असावी लागते, आणि नवख्याची फसगत होते ती इथे. काडी मातृवृक्षाच्या उन्हातल्या फांदीवरची, तीन ते पाच महिन्यांची, मोहोर न आलेली, पेन्सिलीएवढी जाड, दहा-बारा सेंमी लांब आणि टोकाचा डोळा फुगलेला अशी पाहिजे. ती थेट कापून आणायची नाही. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ गळून पडायला लागले आणि डोळा टच्च झाला की काडी आतून जागी झाली. पानं न छाटता आणलेली काडी बांधली तर पहिले चार दिवस हिरवी दिसते आणि मग सुकते. डोळा आधीच फुटून कोवळी पानं आली असतील, तरी ती काडी बाद.

कापलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून शक्यतो त्याच दिवशी वापरायची. खुंट जमिनीपासून साधारण १५ सेंमीवर आडवा कापायचा, खालची एक-दोन पानांची जोडी ठेवायची. ती पानंच जखम भरेपर्यंत रोपाला पोसतात. खोडाच्या मध्यावर ४-५ सेंमी उभी चीर द्यायची, काडीला तेवढीच लांब पाचर करायची. पाचर एका फटक्यात, गुळगुळीत. सुरी दोनदा फिरली की कापावर लाटा येतात, मधे हवा राहते, आणि तिथे जोड कधीच धरत नाही. खुंट आणि काडीची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. दीड-दोन सेंमी रुंद प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधायचं. वर लांबट पातळ पिशवीची टोपी घालायची, आतून ओलसर केलेली, म्हणजे डोळा सुकत नाही. दहा-पंधरा दिवस सावलीत, मग टोपी काढायची. तीन-चार आठवड्यांत फूट दिसते. पाच-सहा महिन्यांत कलम विक्रीला तयार.

सरावलेल्या हाताला पावसाळी हवेत शंभरातली साठ-सत्तर कलमं लागतात. हा आकडा पन्नासवर आला की नर्सरी तोट्यात जाऊ लागते, कारण पिशवी, माती, बी आणि मजुरी शंभरांचीच झालेली असते. मात्र न लागलेल्या कलमाचा खुंट खाली जिवंत असेल आणि पानं शाबूत असतील, तर त्याच खुंटावर पुन्हा बांधता येतं. चांगल्या नर्सरीचा नफा बराचसा या दुसऱ्या फेरीत असतो.

यातली कामं मोजा: बी निवडणं, पिशव्या भरणं, पानं छाटणं, काड्या काढणं, बांधणं, टोप्या चढवणं-उतरवणं, खुंटाची खालून येणारी फूट खुडणं, पाणी, गाडी भरणं. कलम बांधणाऱ्याला मजुरी बहुतेक नगावर मिळते, आणि हा हात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंब्यामुळे आधीपासून तयार होता. विद्यापीठाला कारागीर शून्यातून घडवावे लागले नाहीत. असलेल्या कारागिरीला नवं झाड मिळालं. दुसऱ्या जिल्ह्यात हेच "मॉडेल" राबवू म्हणणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही.

तरीही वेंगुर्ला-४ आल्यावर नर्सऱ्या लगेच फोफावल्या नाहीत. गिऱ्हाईक कुठे होतं? डोंगरउतारावर खड्डे मारून, विकतची कलमं लावून चार वर्षं वाट बघायची ऐपत लहान शेतकऱ्याकडे नव्हती. ती कोंडी फुटली १९९० मध्ये, रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली तेव्हा. खड्डे, कलमं, खतं आणि सुरुवातीच्या वर्षांची देखभाल यांचा खर्च सरकारनं उचलला आणि स्वतःच्याच जमिनीवर केलेल्या कामाची मजुरी शेतकऱ्याला मिळू लागली. मागणी एकदम उसळली. आठ-नऊ वर्षं आधी जाहीर झालेली जात आणि हातात असलेली कलमाची पद्धत तयार होती म्हणून ती पुरी करता आली. योजना आधी आणि संशोधन नंतर असतं, तर पडीक डोंगरांवर बियांची रोपं लागली असती आणि ती चूक तीस वर्षं उभी राहिली असती.

काजूच्या एका संकरातून जात जाहीर व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. संकराचं रोप फळावर यायला तीन-चार वर्षं, पुढे काही हंगाम उत्पन्नाची नोंद, मग त्याची कलमं करून वेगवेगळ्या जमिनींवर चाचणी. संशोधन केंद्राचं काम वर्षाच्या अंदाजपत्रकावर तोलायचं म्हटलं तर यातलं एकही वर्ष "यशस्वी" दिसणार नाही.

कारखान्याकडे येऊ. इथे कलमाचा दुसरा फायदा दिसतो, तो म्हणजे सारखेपणा.

बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आणतात. कमी वाळलेली बी गोदामात बुरशी धरते आणि आत गरावर काळे ठिपके पडतात, ते कुठल्याच पायरीवर जात नाहीत. मग चाळणीनं आकार वेगळे करायचे, वाफ द्यायची आणि रात्रभर थंड होऊ द्यायची. वाफेनं टरफल ठिसूळ होतं आणि गर आतून सुटतो. वाफ कमी पडली तर गर टरफलाला चिकटून राहतो आणि फोडताना तुटतो. जास्त झाली तर टरफलातलं तेल गरापर्यंत पोचतं, गर पिवळट पडतो आणि प्रत घसरते. किती वेळ वाफ द्यायची ते बीच्या आकारावर ठरतं. बियांच्या झाडांचा मिसळीचा माल एकाच घाण्यात घातला की लहान बी जास्त शिजते आणि मोठी कच्ची राहते. कटरच्या पात्यांमधल्या फटीचंही तसंच: फट एका आकाराला जुळवलेली असते, मोठी बी आली की पातं गरात घुसतं.

अख्ख्या गराचे दोन तुकडे झाले की तो पाकळीच्या भावात जातो, आणखी बारीक झाला की तुकडा, मग कणी. माल तोच, वजनही तेच, भाव मात्र पायरी-पायरीनं खाली. त्यामुळे कलमांच्या बागेतला एकसारखा माल कारखानदार वेगळा मागतो.

फोडलेला गर ओव्हनमध्ये ६५-७० अंशांवर सहा-आठ तास सुकवतात, म्हणजे तांबूस साल सुटते. मग साल काढणं आणि प्रतवारी. फोडणी, सोलणी आणि निवड या तिन्ही ठिकाणी बहुतांश बायका असतात. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला खोबरेल किंवा एरंडेल लावून बसावं लागतं. हातमोजे घातले तर बी नीट धरता येत नाही आणि वेग पडतो, ही तक्रार जुनीच आहे. कटरच्या यांत्रिकीकरणावर संशोधन झालंय, पण बोटं भाजू नयेत यावर त्या मानानं फारच थोडं.

मजुरीचा हिशेब सांगायलाच हवा. बऱ्याच ठिकाणी फोडणीचा दर गराच्या किलोवर ठरतो. मघाचं गणित परत लावा: वेंगुर्ला-७ चा एक किलो गर ३३० वेळा कटर दाबून मिळतो, बारीक बीचा ७२५ वेळा. दर ठरवताना बीचा आकार धरला नाही, तर मोठी बी आलेल्या दिवशी बाईच्या हातात दुप्पट पैसे पडतात आणि बारीक बी आलेल्या दिवशी निम्मे. मोठ्या बीमुळे किलोमागे लागणारे हात कमी होतात, म्हणजे जातीनं रोजगार घटवला असंही म्हणता येईल. पण बारीक, मिसळीच्या मालावर तालुक्याच्या ठिकाणचा लहान कारखाना तगणं मुळात कठीण. हात कमी लागतात म्हणून कारखाना गावात टिकतो, आणि तो टिकला तरच ते हात लागतात.

घाटावरही तेच. आजरा आणि चंदगड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांत काजू आणि काजू प्रक्रिया दोन्ही रुजली आहेत. कागदोपत्री तो भाग राहुरीच्या विद्यापीठाचा. पण काजू कलमांना विद्यापीठांची हद्द कोण सांगणार!

गळती कुठे आहे, तेही पाहू. केंद्राच्या नोंदीत वेंगुर्ला-४ चं पूर्ण वाढलेलं झाड १७ किलो आणि वेंगुर्ला-७ चं साडेअठरा किलो बी देतं. शेतावर याच्या निम्मं मिळालं तरी लोक खूश असतात. कारण सरळ आहे: काजूला खत घालायचं असतं, हेच पुष्कळांना पटत नाही. चार वर्षांवरच्या झाडाला पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन किलो युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट, अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि चार घमेली शेणखत ही कोकणातली शिफारस. पहिल्या वर्षी याच्या पाव हिस्सा, मग दर वर्षी पाव वाढवत न्यायचा. दुसरं कारण ढेकण्या. हा किडा कोवळ्या फुटीचा आणि मोहोराचा रस शोषतो, मोहोर करपल्यासारखा काळा पडतो. फवारणी पालवीला, मोहोराला आणि फळ धरताना अशी तीनदा वेळेवर हवी. मोहोर काळा दिसल्यावर पंप काढणाऱ्याचा तो हंगाम गेलेला असतो.

तिसरी गळती नर्सरीतच आहे. कलमाच्या पिशवीवर जातीचं नाव लिहिलेलं असतं, पण काडी कुठल्या झाडाची हे झाड फळल्याशिवाय कळत नाही. वेंगुर्ला-४ चं बोंड लाल, वेंगुर्ला-७ चं पिवळं. सात नंबर म्हणून लावलेल्या कलमाला तिसऱ्या वर्षी लाल बोंड दिसलं की मग उजेड पडतो. म्हणून घेताना नर्सरीत मातृवृक्ष उभे आहेत का ते विचारायचं आणि बघून यायचं. जोड नीट भरलेला, जोडाखाली फूट नाही, पिशवीतून मूळ बाहेर पडून जमिनीत घुसलेलं नाही, इतकं तरी तपासायचं. लावताना जोड जमिनीच्या वर बोटभर तरी राहिला पाहिजे आणि पट्टी आठवणीनं सोडायची. राहिलेली पट्टी दोन वर्षांत खोडात रुतते आणि झाड वाऱ्यानं तिथेच मोडतं.

सगळ्यात मोठी गळती बोंडाची. एक किलो बीमागे सहा ते आठ किलो बोंडं निघतात आणि महाराष्ट्रात ती बहुतेक झाडाखालीच कुजतात. गोव्यात उर्राक आणि फेणी या बोंडाच्या दारूंमुळे त्याला गिऱ्हाईक आहे, तिथे काजूच्या बागांच्या झोनचे लिलाव होतात. आपल्याकडे विद्यापीठानं सरबत, सिरप असे पदार्थ बसवून दिले. रसातला घशाला धरणारा तुरटपणा साबुदाण्याच्या पेजेनं खाली बसवता येतो, हेही दाखवून दिलं. पण हिशेब पाहा: सिरपमध्ये रस किमान २५ टक्के लागतो, बाकी मुख्यतः साखर आणि पाणी. एक टन काजूबीमागची सात टन बोंडं पिळली तर चारेक टन रस, म्हणजे सोळा टन सिरप. ते एका हंगामात कोण पिणार? शिवाय बोंड चोवीस तासांत आंबायला लागतं. काजूबी खाली पडलेलीच वेचायची असते, पण रसासाठी बोंड माती न लागलेलं, न फुटलेलं पाहिजे. म्हणजे झाडाखाली जाळी लावणं, सकाळ-संध्याकाळ दोनदा गोळा करणं आणि दुपारच्या आत गाडी. विखुरलेल्या दोन-पाच एकरांच्या बागांतून ही गाडी कोण फिरवणार आणि डिझेलचा खर्च किती बोंडांवर बसवणार, याचं गणित अजून जमलेलं नाही. तोवर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर सोलून बाजारात बसणाऱ्या बायकांचा धंदाच काजूतला सगळ्यात रोकडा, आणि त्याला कुठल्या यंत्राची गरज लागलेली नाही.